ऋषिकेशला योगासाठी निघालाय? आधी ठरवा, नेमक्या कोणत्या ऋषिकेशला जायचंय

रीलमधलं ऋषिकेश पंधरा सेकंदांचं असतं. झुलता पूल, खाली हिरवंगार पाणी, पांढऱ्या कपड्यांत पद्मासन घालून बसलेलं कुणीतरी आणि शेवटी आरतीच्या ज्वाळा. खाली कमेंटमध्ये 'चला रे, कधी निघायचं?' म्हणत मित्रांना टॅग करणारी मंडळी.

माझ्या एका मैत्रिणीने हे टॅगिंग मनावर घेतलं. पुण्यातली नोकरी सोडली, साठवलेल्या पैशांतून योगाच्या 'टीचर ट्रेनिंग'ची फी भरली आणि २५ दिवसांनी एक प्रमाणपत्र आणि मांडीचा दुखावलेला स्नायू घेऊन परत आली. त्याच वर्षी माझी आई तिच्या भिशीच्या ग्रुपबरोबर ऋषिकेशला गेली. तिने पहाटे गंगेत तीन डुबक्या मारल्या, संध्याकाळी आरतीला टाळ्या वाजवल्या, रुद्राक्षाच्या माळांसाठी घासाघीस केली आणि ती खुशीत घरी आली. मैत्रीण म्हणते, 'सगळा बाजार आहे.' आई म्हणते, 'पुन्हा जायचंय.'

दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. मग मी स्वतः आठ दिवस जाऊन आले. तिथे बघितलेलं, विचारलेलं आणि आल्यावर वाचलेलं असं सगळं या लेखात आहे.

एक नाव, तीन जिल्हे

पहिला गोंधळ नकाशावरच होतो. ज्याला आपण सरसकट 'ऋषिकेश' म्हणतो तो पट्टा उत्तराखंडच्या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. बाजारपेठ, बसस्थानक, त्रिवेणी घाट हे मूळ ऋषिकेश शहर देहरादून जिल्ह्यात येतं. शहरातून वर जाताना एका छोट्या नदीवरचा पूल लागतो. पाऊस नसेल तर नुसते दगडगोटे दिसतात. या नदीचं नाव चंद्रभागा. हो, चंद्रभागाच! पंढरपूरची वारी केलेल्या माणसाला तिथली पाटी बघून क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. हा पूल ओलांडला की मुनी की रेती आणि पुढे तपोवन, म्हणजे टिहरी गढवाल जिल्हा. आणि झुल्यावरून गंगा ओलांडून पलीकडे गेलं की स्वर्गाश्रम, म्हणजे पौडी गढवाल.

ही माहिती सामान्यज्ञानासाठी दिलेली नाही. तुमचं हॉटेल नदीच्या कोणत्या बाजूला आहे, यावर तुमचा अख्खा दिवस ठरतो. झुल्यांवरून टॅक्सी जात नाही. (दुचाक्या मात्र हॉर्न वाजवत जाताना मी बघितल्या.) बॅगा घेऊन रात्री नऊ वाजता चुकीच्या काठावर उतरलात तर पूल पायी ओलांडायचा, वाटेत गाय आडवी बसलेली असेल तर तिची समजूत काढायची आणि मग आश्रमाचं फाटक बंद झालंय का ते बघायचं.

झुले कोणते? रामझुला १९८६ साली बांधला गेला. जानकी सेतू २०२० मध्ये खुला झाला. आणि सगळ्यात प्रसिद्ध तो लक्ष्मणझुला. आधीचा पूल १९२४ च्या पुरात वाहून गेल्यावर ब्रिटिश काळात तो नव्याने बांधला, १९३० पासून वापरात होता. २०१९ मध्ये तो धोकादायक ठरवून बंद करण्यात आला आणि शेजारी नव्या पुलाचं काम हाती घेतलं गेलं. जुन्या ब्लॉगमध्ये 'लक्ष्मणझुल्यावरून पलीकडे जा' असं लिहिलेलं असेल तर आधी स्थानिकांना विचारा.

साधारण विभागणी अशी लक्षात ठेवा. पूजा, स्नान आणि बाजार हवा असेल तर त्रिवेणी घाट. आश्रम, सत्संग आणि थोडी शांतता हवी असेल तर मुनी की रेती आणि स्वर्गाश्रम. योगाच्या शाळा, कॅफे, राफ्टिंगची ऑफिसं हे सगळं तपोवनात. माझी आई पहिल्या ऋषिकेशला गेली होती आणि मैत्रीण तिसऱ्या.

पण योग इथे आला कुठून?

ऋषिकेशला 'योगाची जागतिक राजधानी' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे इथे हजारो वर्षांपासून लोक सूर्यनमस्कार घालत आले असावेत असं आपल्याला वाटतं. खरी गोष्ट जास्त रंजक आहे.

मूळ नाव 'हृषीकेश'. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश, म्हणजे विष्णू. रैभ्य ऋषींच्या तपाने प्रसन्न होऊन विष्णू इथे या नावाने प्रकटला, अशी कथा आहे. प्राचीन भरत मंदिर आजही शहरात आहे. पण कित्येक शतकं ऋषिकेशची मुख्य ओळख होती ती बद्री-केदारच्या वाटेवरचा मुक्काम आणि साधूंचं रान म्हणून. इथून पुढे पायी यात्रा सुरू व्हायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'काली कमली वाले बाबा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संन्याशांनी या वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभी केली. त्यांच्या नावाची संस्था आजही चालते. इथले साधू ध्यान करायचे, वेदान्ताचा अभ्यास करायचे. आसनं हा काही इथला मुख्य विषय नव्हता.

आसनांचा आजचा प्रकार घडला तो बऱ्याच अंशी दुसरीकडे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९१८ साली योगेंद्रजींनी मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली, ती आज सांताक्रूझला आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला 'कैवल्यधाम' स्थापन केलं आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. तिकडे म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात टी. कृष्णम्माचार्य शिकवत होते. त्यांचे दोन शिष्य पुढे जगभर गाजले. एक पट्टाभी जोईस, ज्यांची अष्टांग विन्यास पद्धत आज तपोवनातल्या शाळाशाळांत शिकवली जाते. दुसरे बी. के. एस. अय्यंगार. ते १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले.

मग ऋषिकेशचं काय? इथली गोष्ट सुरू होते एका डॉक्टरपासून. तमिळनाडूतल्या पट्टमडईत जन्मलेले कुप्पुस्वामी मलायात डॉक्टरकी करत होते. ती सोडून ते भारतात परतले, १९२४ साली ऋषिकेशला संन्यास घेतला आणि स्वामी शिवानंद झाले. १९३६ मध्ये त्यांनी गंगेकाठी 'डिव्हाइन लाइफ सोसायटी' सुरू केली, १९४८ मध्ये 'योग-वेदान्त फॉरेस्ट अकादमी'. वेदान्त, भक्ती, सेवा, आसन-प्राणायाम हे सगळं एकत्र करून, सोप्या इंग्रजीत पुस्तकं लिहून, पत्रं लिहून त्यांनी ते जगभर पोहोचवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट आणि वितरण, दोन्ही त्यांनी जमवलं.

त्यांच्या शिष्यांची यादीही दमदार आहे. विष्णुदेवानंद १९५७ मध्ये पश्चिमेकडे गेले आणि तिथे शिवानंद योग केंद्रांचं जाळं उभं केलं. सत्यानंदांनी मुंगेरला बिहार स्कूल ऑफ योग काढलं. आणि एक होते बाळकृष्ण मेनन. हे 'नॅशनल हेराल्ड'मधले पत्रकार. साधू लोकांना कसं गंडवतात ते शोधून काढायचं आणि त्यावर लिहायचं, या विचाराने ते ऋषिकेशला आले होते. १९४९ मध्ये त्यांनी शिवानंदांकडूनच संन्यास घेतला आणि ते स्वामी चिन्मयानंद झाले, म्हणजे चिन्मय मिशनवाले. आमच्या व्यवसायातल्या माणसाने बातमी शोधायला जावं आणि परतच येऊ नये, असं हे दुर्मीळ उदाहरण. मी परत आले, हे तुम्ही बघताच आहात.

पण ऋषिकेश जगाच्या नकाशावर ठळक झालं ते १९६८ च्या फेब्रुवारीत. जगातला त्या वेळचा सगळ्यात लोकप्रिय बँड, बीटल्स, महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला आला. रिंगो स्टारला जेवण मानवलं नाही, तो दहा-बारा दिवसांत परतला. पॉल मॅकार्टनी सव्वा महिना राहिला, तर जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन एप्रिलपर्यंत. जाताना मन कडवट झालं होतं, पण त्या मुक्कामात लिहिलेली कितीतरी गाणी त्याच वर्षी 'व्हाइट अल्बम'मध्ये आली. महेश योगींनी पुढे ही जागा सोडली, ती वनखात्याकडे गेली आणि तिथे जंगल माजलं. आता ती राजाजी व्याघ्र प्रकल्पात येते. 'चौरासी कुटिया' या नावाने २०१५ पासून तिकीट काढून बघता येते. गोल दगडी ध्यानकुट्या, भिंतींवर चित्रं, माकडं भरपूर. दोन तास हाताशी ठेवा.

ते '२०० तास' म्हणजे नक्की काय?

आता मैत्रिणीच्या मांडीकडे येऊ.

तपोवनात फिरताना दर दहा पावलांवर पाटी दिसते, '२०० तास योग टीचर ट्रेनिंग'. बरेच जण समजतात की हे सरकारी काहीतरी आहे. तसं नाही. हा २०० तासांचा मापदंड लोकप्रिय केला 'योग अलायन्स' या अमेरिकेतल्या खासगी, ना-नफा संस्थेने. ती योगाच्या शाळांची नोंदणी करते, अभ्यासक्रमाचे निकष ठरवते. नोंदणीकृत शाळेतून शिकून बाहेर पडलेला माणूस पैसे भरून स्वतःचं नावही त्यांच्या यादीत घालू शकतो. म्हणजे तुमची परीक्षा घेते ती शाळा, ज्या शाळेला तुम्ही फी दिलेली असते. नापास करण्यात कुणाचा फायदा आहे, याचा विचार तुम्हीच करा.

म्हणजे गंमत बघा. पद्धत म्हैसूरची, मापदंड अमेरिकेतला आणि वर्ग गंगेकाठी. यात वाईट काहीच नाही, फक्त 'प्राचीन परंपरेचं प्रमाणपत्र' म्हणून कुणी ते विकत असेल तर हसू यायला हवं.

भारतात योग शिकवायला डॉक्टर किंवा वकिलासारखा परवाना लागत नाही. मात्र सरकारी मान्यतेचं काहीतरी हवं असेल तर आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत 'योग सर्टिफिकेशन बोर्ड' आहे. त्यांच्या वेगवेगळ्या पातळ्यांच्या परीक्षा असतात, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. ती परीक्षा द्यायला ऋषिकेशलाच जावं लागतं असं नाही. आणि शिकायचंच असेल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम, पुण्यातली अय्यंगारांची संस्था, सांताक्रूझचं योग इन्स्टिट्यूट ही नावं घराजवळ असताना आपण २५ दिवसांसाठी हिमालयाच्या पायथ्याशी का जातोय, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही. 'मला तिथलं वातावरण हवंय' हे उत्तरही चालेल. पण मग वातावरणासाठी जा, करिअरसाठी नको.

आता साधा हिशोब. २०० तास भागिले २५ दिवस, म्हणजे रोज ८ तास. आठवड्याची सुट्टी वजा केली तर रोजचे नऊ-साडेनऊ तास. त्यात तत्त्वज्ञान, शरीररचना असे बसून शिकायचे तास असतात हे खरं. तरी आठवड्यातून दोनदा तासभर आसनं करणाऱ्या शरीराला अचानक रोज दोन-दोन सत्रं करायला लावली की काय होणार? माझ्या मैत्रिणीचं तेच झालं. दुसऱ्या आठवड्यात मांडीची मागची बाजू ओढल्यासारखी दुखायला लागली. शिक्षक म्हणाले, 'शरीर उघडतंय, श्वास सोडा.' आणि पाठीवर दाब दिला. पुण्यात परतल्यावर फिजिओथेरपिस्टने सांगितलं की स्नायू फाटलाय. चार महिने ती नीट खाली बसू शकत नव्हती. शाळेचं नाव लिहीत नाही. कारण असं कुठेही होऊ शकतं.

म्हणून फी भरण्याआधी चार गोष्टी फोन करून विचारा. रीलवरच्या चेहऱ्यांपैकी प्रत्यक्ष शिकवणार कोण? एका वर्गात किती जण? जुनं दुखणं असेल तर वेगळी आसनं देतात का, की सगळ्यांना एकच? आणि मधेच सोडावं लागलं तर पैसे परत मिळतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असंच येतं, निदान ते लेखी तरी मागा. शिकवताना हात लावायच्या आधी विचारतात का, हेही जरूर बघा. मुलींनी तर नक्कीच. 'गुरू आहेत, त्यांना कसं नाही म्हणायचं' हा संकोच घरी ठेवून जा.

आणखी एक. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर जोरजोरात करायची कपालभाती, श्वास रोखून धरणं आणि डोकं खाली करायची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. इथे येऊन बीपीच्या गोळ्या बंद केल्याचं अभिमानाने सांगणारे एक काका मला भेटले. असल्या सल्ल्याच्या नादी लागू नका. ऋषिकेशमध्ये एम्स आहे, गरज पडलीच तर तिथे जा.

आश्रमात राहायचं तर

आश्रम म्हणजे स्वस्त हॉटेल नव्हे, हे आधी मान्य केलं की पुढचं सोपं जातं. पहाटे पाचच्या आसपास घंटा होते. जेवण साधं, सात्त्विक, ठरलेल्या वेळीच आणि बहुतेक ठिकाणी ताट आपलं आपण धुवायचं. रात्री नऊ-दहाला फाटक बंद. मी राहिले तिथे चहा दिवसातून दोनदाच मिळायचा. तिसऱ्या दिवशी मला अध्यात्मापेक्षा अमृततुल्यची आठवण जास्त यायला लागली.

शिवानंद आश्रमात राहायचं असेल तर आधी लिहून परवानगी घ्यावी लागते, थेट बॅग घेऊन गेलात तर जागा मिळेलच असं नाही. त्यांच्या अकादमीचा दोन महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम असतो, त्यात आसनांइतकाच गीता-उपनिषदांवर भर. पलीकडच्या काठावर परमार्थ निकेतन आहे, १९४२ साली स्थापन झालेलं. मार्चमध्ये तिथे आंतरराष्ट्रीय योग महोत्सव भरतो. एकाच आठवड्यात वेगवेगळ्या पद्धतींचे शिक्षक बघायचे असतील तर ही वेळ चांगली, पण गर्दी असते आणि आसपासच्या खोल्यांचे दरही चढतात. शेजारचं गीता भवन गीता प्रेसशी जोडलेलं. ते खरं सत्संगाचं ठिकाण, योगवर्गाचं नाही. आई-बाबांना घेऊन जात असाल तर त्यांना ते जास्त आवडेल.

खरंच शांत बसायचं असेल तर बद्रीनाथ रस्त्यावर साधारण २०-२५ किलोमीटरवर वसिष्ठ गुफा आहे. आत काळोख, एक दिवा, आणि बसलेल्या कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. मोबाइल बाहेर. माझ्या आठ दिवसांतला सगळ्यात चांगला अर्धा तास तिथला होता.

आरती, स्नान आणि दक्षिणा

आरती सूर्यास्ताला होते, त्यामुळे वेळ ऋतूप्रमाणे बदलते. त्रिवेणी घाटावरची आरती भव्य. पुजारी ओळीने उभे राहतात, हातात मोठमोठे दिवे, माणसांची दाटी. परमार्थची आरती वेगळी, तिथे आधी हवन होतं, गुरुकुलातली मुलं भजन म्हणतात आणि लोक पायऱ्यांवर बसून गातात. दोन्ही फुकट. पुढच्या पायरीवर बसायचं असेल तर पाऊण तास आधी पोहोचा.

फुलांचा द्रोण घेणार असाल तर पानांचाच घ्या आणि आत प्लास्टिकची पिशवी किंवा थर्माकोल नाही ना ते बघा. दुसऱ्या दिवशी पहाटे काठावर अडकलेला कचरा बघितला की आदल्या रात्रीचा फोटो डिलीट करावासा वाटतो.

पूजाविधी करायचे असतील, म्हणजे तर्पण, पिंडदान, अभिषेक वगैरे, तर दक्षिणा संकल्प सोडायच्या आधी ठरवा. हातात पाणी घेतल्यावर आकडा ऐकून वाद घालणं कुणालाच जमत नाही, आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं. सगळे पुरोहित असे नसतात. माझ्या आईला भेटलेल्या गुरुजींनी 'जे द्याल ते' म्हटलं आणि खरंच तेवढंच घेतलं. आणि संकल्पाकडे लक्ष द्या. आपल्याकडे गुरुजी संकल्पात गोदावरीचा काठ सांगतात, इथे गंगेचा येतो. आपण घरापासून किती लांब आलोय ते त्या एका शब्दाने कळतं.

अस्थिविसर्जनासाठी आलेले बरेच जण हरिद्वारलाच विधी उरकतात आणि मग ऋषिकेशला येतात. हरिद्वारच्या तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या वंशावळींच्या जुन्या वह्या असतात, आपल्या त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांकडे असतात तशाच. घरातल्या मोठ्यांकडून मूळ गाव, कूळ आणि आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या. तुमच्या पणजोबांनी कधीकाळी तिथे केलेली सही सापडली तर तो क्षण कुठल्याही रीलमध्ये मावणार नाही.

जेवणाचं म्हणाल तर हे शाकाहारी गाव. मुनी की रेतीच्या हद्दीत मांस, मासळी, अंडी विकायला बंदी घातली तेव्हा त्याला आव्हान दिलं गेलं होतं, पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. 'हाफ फ्राय' शोधत फिरू नका.

नदीला रील कळत नाही

हा भाग वाचायचा सोडू नका.

ऋषिकेशची गंगा म्हणजे आपली संथ वाहणारी कृष्णा नव्हे. ७० किलोमीटर वर देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात, तिथून तिला गंगा म्हणतात. डोंगरातून उतरून ती इथे मैदानात शिरते, म्हणजे वेग अजून डोंगरातलाच असतो. पाणी बर्फाचं. मे महिन्यात बाहेर ऊन भाजत असतं आणि पाण्यात पाय घातला की कळ डोक्यापर्यंत जाते. अशा पाण्यात अचानक उडी मारली तर श्वास अडकतो, पट्टीचे पोहणारेही गडबडतात. भरीला, वर भागीरथीवर टिहरीसारखं धरण आहे. पाणी सोडलं की पातळी वाढते, आणि काठावर सेल्फी काढणाऱ्याला ते उशिरा कळतं.

सगळ्यात फसवे आहेत ते पांढऱ्या वाळूचे किनारे. त्यातल्या एकाला लोक चक्क 'गोवा बीच' म्हणतात. नाव ऐकून आपली मुलं खूश होतात आणि गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकतात. पण खाली समुद्रासारखा सपाट उतार नसतो. वाळू एकदम तुटते आणि ओढ सुरू होते. इथे दरवर्षी पर्यटक बुडतात, आणि त्यांत तरुण मुलं खूप असतात. मी गेले त्या आठवड्यातही एका ग्रुपमधला मुलगा बेपत्ता झाला होता. एसडीआरएफचे जवान बोटीतून शोधत होते. काठावर त्याचे मित्र बसले होते, एकाच्या हातात दोन चपला जोड होते. आरती मात्र ठरल्या वेळी सुरू झाली.

स्नान घाटावरच करा, जिथे पायऱ्या आणि धरायला साखळ्या आहेत. साखळी सोडू नका. रात्री, दारू पिऊन किंवा एकट्याने पाण्यात उतरू नका. राफ्टिंग करायचं तर परवानाधारक कंपनीकडूनच, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं. त्या दिवसांत कुणी 'करून देतो' म्हणालं तर तिथून निघा. २०१३ च्या जूनमधला पूर आठवतोय? परमार्थच्या घाटावरची शंकराची भलीमोठी मूर्ती पाण्याने वेढलेली आणि मग वाहून गेलेली सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली होती. ते हेच ठिकाण.

कधी जायचं? कॅलेंडरमधली एक गोम

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च उत्तम. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी, पण गर्दी कमी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चारधाम यात्रा सुरू झाली की मे-जूनमध्ये अख्खा उत्तर भारत याच रस्त्यावर असतो. वीकेंडला दिल्लीची गर्दी वेगळी.

आता गोम. 'श्रावणात तीर्थयात्रा' असं ठरवून आपल्या कालनिर्णयात श्रावण बघाल तर फसाल. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्या पंधरवड्यात कावड यात्रा असते. लाखो कावडिये हरिद्वारला गंगाजल भरायला येतात, त्यातले असंख्य ऋषिकेशवरून नीलकंठ महादेवाला जातात. रस्ते वळवलेले, हॉटेलं भरलेली. ही गर्दी तिकडच्या शिवरात्रीला ओसरते, म्हणजे आपल्या गटारीच्या आदल्या दिवशी! इकडे आपण श्रावणाआधीचं शेवटचं मटण शिजवत असतो, तेव्हा तिकडे अर्धा श्रावण झालेला असतो.

२०२७ मध्ये हरिद्वारला अर्धकुंभ आहे, त्या काळात जायचं तर राहण्याची सोय बरीच आधी करा.

जाणं सोपं आहे. मुंबईहून देहरादूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर थेट विमान, तिथून ऋषिकेश साधारण २० किलोमीटर. मुंबईहून हरिद्वारपर्यंत थेट रेल्वेही आहेत, पुढचे २०-२५ किलोमीटर बस किंवा टॅक्सीने. ऋषिकेशला दोन रेल्वे स्टेशनं आहेत, जुनं ऋषिकेश आणि २०२१ पासून गाड्या सुरू झालेलं योगनगरी ऋषिकेश. तिकिटावर कोणतं आहे ते बघा. गावात फिरायला शेअर रिक्षा मिळते, तिला तिकडे 'विक्रम' म्हणतात. हॉटेलवाला 'विक्रम से आ जाओ' म्हणाला तर विक्रम नावाचा माणूस घ्यायला येईल म्हणून वाट बघत उभे राहू नका. मी राहिले होते.

आणि एवढं सगळं वाचून तुमच्या आजीला फक्त देव्हाऱ्यात ठेवायला गंगाजल हवं असेल, तर ते भारतीय टपाल खात्याने २०१६ पासून विकायला ठेवलंय, ऋषिकेश आणि गंगोत्री दोन्हीकडचं. जवळच्या मोठ्या पोस्टात चौकशी करा.